तुळई कापायला परवाना लागत नाही



पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींच्या याद्या आपल्या दैनिकात छापून येतात. इमारतीचे नाव, प्रभाग, 'सी-1' की 'सी-2', सगळे त्यात असते. चांगली इमारत ज्याच्या हातून धोकादायक झाली त्याचे नाव मात्र कुठल्याच यादीत नसते.

डोंबिवलीतल्या आमच्या तीस वर्षे जुन्या सोसायटीचा मी सचिव आहे. गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाने न्हाणीघर नव्याने करून घेतले. परवानगीच्या अर्जात 'टाइल्स व नळकाम' एवढेच लिहिले होते. चार महिन्यांनी खालच्या घरात ओल उतरली. प्लास्टर खरवडले तेव्हा दिसले की चार इंची पाइप तुळईतून आरपार नेला आहे. वाटेत आलेल्या दोन रिंगा ग्राइंडरने कापलेल्या, खालची सळई उघडी पडून तिचे पापुद्रे सुटलेले, आणि भोक बुजवायला विटांचे तुकडे कोंबलेले. पाण्याला उतार मिळेना म्हणून तुळईच फोडली. कंत्राटदाराचा फोन बंद आहे. त्याला दुकान नाही, नोंदणी नाही, पक्के बिल नाही. सभासदाकडे हाताने लिहिलेले एक कोटेशन तेवढे आहे.

याच घरात विजेचे काम करणाऱ्याला मात्र राज्याचा परवाना लागतो. नव्या मीटरसाठी महावितरण परवानाधारक विद्युत कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट मागते. लिफ्ट बसवणाऱ्याला 2017 च्या कायद्याने परवाना आहे. घर विकून देणाऱ्या एजंटलाही महारेराने 2023 मध्ये प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. सार्वजनिक बांधकाम खाते आपले काम देताना कंत्राटदाराची नोंदणी आणि वर्ग बघते. म्हणजे सरकार स्वतःच्या पैशाला जपते, पण माझ्या घराचा खांब कोणी फोडावा याची त्याला पर्वा नाही. वास्तुविशारद, अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनिअर यांची पात्रता नियमात लिहिलेली आहे, पण ते झाले कागदावर सही करणारे. ब्रेकर ज्याच्या हुकमाने चालतो, त्याला कुणी काही विचारत नाही. आणि रेराचा पाच वर्षांचा दोषदायित्व कालावधी बिल्डरने विकलेल्या घराला आहे, आपण करून घेतलेल्या दुरुस्तीला नाही.

25 जुलै 2017 रोजी घाटकोपरची चार मजली साईसिद्धी इमारत कोसळली, 17 जीव गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होते आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. चर्चा जागेच्या मालकाची झाली, ती व्हायलाच हवी होती. पण असले काम अंगावर घेणाऱ्याची पात्रता कुणी तपासायची, हा प्रश्न तेव्हाही बाजूला राहिला.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला, गरीब गवंड्याच्या पोटावर पाय येईल. मला हा आक्षेप मनापासून महत्त्वाचा वाटतो, कारण आमच्या गच्चीचा कोबा ज्यांनी घातला ते गवंडी सहीपुरतेच लिहू शकतात आणि वीस पावसाळे झाले, गच्ची गळत नाही. म्हणून परवाना गवंड्याला, बिगाऱ्याला नकोच. जो अख्खे काम अंगावर घेतो, आगाऊ रक्कम घेतो आणि माणसे लावतो, त्यालाच तो हवा. परीक्षाही लेखी नको. तुळई कुठली, भिंत भार घेते की नाही, काय फोडायचे नाही, हे जागेवर उभे करून तोंडी विचारावे.

दुसरा आक्षेप परवाने भाड्याने जातील असा, आणि तो खरा आहे. विजेच्या कामात टेस्ट रिपोर्टवर एकाची सही आणि वायर ओढणारा दुसराच, हे आपण पाहतोच. पण यावर इलाज आहे. कॅलिफोर्नियात 1929 पासून कंत्राटदारांसाठी राज्याचे परवाना मंडळ आहे. चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि 25 हजार डॉलरचा बाँड, एवढे झाल्याशिवाय परवाना नाही. परवाना क्रमांक टाकला की त्या माणसावर झालेली कारवाई कुणालाही बघता येते. बाँडची रक्कम अडकलेली असली आणि तक्रार सगळ्यांना दिसत असली, की आपला परवाना दुसऱ्याच्या हाती द्यायला माणूस दहादा विचार करेल.

राज्य सरकारने निदान भिंत, खांब, तुळई, स्लॅब यांना हात लावणाऱ्या कामापासून तरी सुरुवात करावी. सोसायटीने परवानगी देताना परवाना क्रमांक घ्यावा, आणि फोडकाम झाल्यावर, प्लास्टर चढण्याआधी, स्ट्रक्चरल इंजिनिअरची पाहणी सक्तीची असावी. आमच्याकडे कुणी त्या एका दिवशी वर जाऊन पाहिले असते तर पाइप वाकवून नेता आला असता.

सध्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात, तुळईखाली चार लोखंडी जॅक लावले आहेत. त्या घरातल्या आजी रात्री झोपायला लेकीकडे जातात.

– एक सोसायटी सचिव, डोंबिवली (पूर्व)