शंभर बातम्यांच्या गर्दीत हरवलेले नागपूर

नागपूर, विशेष प्रतिनिधी

अर्ध्या तासात शंभर बातम्या देणारी बातमीपत्रे मराठी वृत्तवाहिन्यांवर आता नित्याची झाली आहेत. तरुण प्रेक्षकाला वेळ नाही, त्याचा अंगठा सतत मोबाइलवर फिरत असतो, तेव्हा त्याला थांबवायचे तर बातमी छोटी हवी, असा त्यामागील युक्तिवाद आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. परंतु थोडक्यात सांगणे वेगळे आणि घाईने सांगणे वेगळे. वाहिन्यांनी पहिल्याच्या नावाखाली बहुतांशी दुसरेच दिले. त्याची किंमत मुंबईपासून आठशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या नागपूरसारख्या शहराला अधिक मोजावी लागते.

साधा हिशेब पाहू. तासाला कमाल बारा मिनिटे जाहिराती, ही नियमांतील मर्यादा पाळली गेली असे गृहीत धरले, तर अर्ध्या तासात बातम्यांसाठी चोवीस मिनिटे उरतात. शंभर बातम्यांत ती वाटली की एकेका बातमीच्या वाट्याला जेमतेम चौदा सेकंद येतात. वृत्तनिवेदकाने कितीही वेगाने वाचले तरी तेवढ्यात दोन-तीन वाक्येच होतात. काय घडले आणि कुठे घडले, एवढे त्यांत मावते. का घडले आणि जबाबदार कोण, याला जागाच राहत नाही. वाहिनीच्या दृष्टीने मात्र हा प्रकार सोयीचा आहे. दिवसभर जमा झालेलीच दृश्ये पुन्हा वापरता येतात, नवा वार्ताहर पाठवावा लागत नाही आणि कोणती बातमी गाळावी, हा अवघड निर्णयही टळतो.

ब्रिटनमध्ये हा प्रयोग वेगळ्या रीतीने झाला. सोळा ते चौतीस वयोगटासाठी बीबीसीने फेब्रुवारी २००३ मध्ये ‘बीबीसी थ्री’ ही वाहिनी सुरू केली आणि तिच्यावर ‘सिक्स्टी सेकंड्स’ हे एका मिनिटाचे बातमीपत्र दिले. याच वाहिनीवरील सायंकाळी सातचे मोठे बातमीपत्र २००५ च्या अखेरीस बंद पडले. मिनिटभराचे मात्र फेब्रुवारी २०१६ मध्ये वाहिनी दूरचित्रवाणीवरून हटेपर्यंत टिकले. एका मिनिटात मोजक्याच बातम्या बसतात. म्हणजे दिवसभराच्या घडामोडींतून त्या निवडण्याचे काम संपादकाला करावेच लागते. शंभराची यादी हे काम करत नाही. ते ती प्रेक्षकावर सोपवते.

मराठी प्रेक्षकाचा प्रवासही ध्यानात घ्यायला हवा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढे ‘सातच्या बातम्या’ हा घरोघरचा नेम झाला. २००७ मध्ये ‘झी २४ तास’ आणि ‘स्टार माझा’, तर २००८ मध्ये ‘आयबीएन लोकमत’ आले आणि बातम्यांची ठरलेली वेळच उरली नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर स्वस्त डेटामुळे बातमी हातातल्या पडद्यावर आली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामवर रील्स अवतरल्या. आज बातमीपत्राची स्पर्धा दुसऱ्या वाहिनीशी कमी आणि या चित्रफितींशी अधिक आहे.

घाईच्या बातमीत काय निसटते, याचा धडा नागपूरने २०२३ मध्ये घेतला. २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. मनुष्यहानी झाली, बचावासाठी लष्कराला पाचारण करावे लागले. वाहून जाणाऱ्या मोटारी आणि पाण्याखाली गेलेले मोरभवन बसस्थानक यांची दृश्ये राज्यभर दिसली. ती चौदा सेकंदांत दाखवता येतात. परंतु तलावाच्या सांडव्यासमोर उभारलेल्या विवेकानंद स्मारकाचा, नदीपात्रातील अतिक्रमणांचा आणि धरणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर गेला, तेव्हा राज्यस्तरीय बातमीपत्रांचे लक्ष दुसरीकडे वळले होते. त्या काळात महापालिकेत नगरसेवकही नव्हते. मार्च २०२२ पासून तेथे प्रशासकीय राजवट होती. २०१७ नंतरची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. दरम्यान अठरा वर्षे पूर्ण केलेल्या हजारो तरुणांना जाब विचारायला लोकप्रतिनिधी नव्हता आणि प्रश्नाचा पाठपुरावा करणारी बातमीही क्वचितच दिसत होती.

याउलट, थोडक्यात दिलेली विश्वासार्ह बातमी किती मोलाची ठरू शकते, हे १७ मार्च २०२५ च्या सायंकाळी दिसले. औरंगजेबाच्या कबरीच्या विषयावर महाल भागात झालेल्या आंदोलनानंतर धार्मिक मजकूर जाळल्याची अफवा पसरली आणि हिंसाचार भडकला. ही अफवाच होती, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दुसऱ्या दिवशी विधिमंडळात सांगितले. समाजमाध्यमांवरील चिथावणीखोर मजकुराबद्दल सायबर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. शहराच्या अनेक भागांत लागू झालेली संचारबंदी पूर्णपणे उठायला २३ मार्च उजाडला. अफवा पसरायला काही तास पुरले, तिचे अधिकृत खंडन मात्र दुसऱ्या दिवशी सभागृहात झाले. या मधल्या वेळेत घटनास्थळावरून पडताळून दिलेले एका मिनिटाचे बातमीपत्र तरुणांच्या मोबाइलवर पोहोचणे अगत्याचे होते. अशा वेळी तासाभराची चर्चा कामाची नसते आणि शंभर बातम्यांच्या यादीतील एक ओळही पुरत नाही.

हे मिनिट देणार कोण, हा खरा प्रश्न आहे. हिवाळी अधिवेशनाच्या काळात विधानभवनाच्या परिसरात ओबी व्हॅनची रांग लागते. १९५३ च्या नागपूर कराराने वर्षातून एक अधिवेशन येथे व्हावे, असे ठरले खरे. पण २०२४ मध्ये ते १६ ते २१ डिसेंबर असे सहाच दिवस चालले. अधिवेशन आटोपले की वाहनांची ही रांगही मुंबईकडे परतते. उरलेल्या वर्षभराचा भार यूसीएनसारख्या केबलवरील स्थानिक वाहिन्या आणि आकाशवाणीच्या प्रादेशिक बातमीपत्रावर राहतो. मनुष्यबळाची वानवा आहे, असेही म्हणता येत नाही. हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्येच पत्रकारितेचे शिक्षण सुरू झाले होते आणि आजही दरवर्षी शहरातून पदवी-पदविका घेऊन तरुण बाहेर पडतात. त्यांतील अनेकांना कामासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते आणि नागपूरची कोणती बातमी राज्यभर जावी, याचा निर्णयही तिकडेच होतो.

वाहिन्यांनी शंभराचा आकडा सोडून दहाच बातम्या निवडाव्यात, त्यांत विदर्भाच्या दोन असाव्यात आणि त्यांची निवड नागपुरात बसलेल्या संपादकाने करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. पूर ओसरल्यावर सहा महिन्यांनी ‘त्या प्रकरणाचे पुढे काय झाले’ हे सांगायलाही एक मिनिट पुरेसे असते. त्यासाठी त्या प्रकरणामागे सहा महिने फिरणारा एक वार्ताहर मात्र लागतो. तरुणांना बातम्यांत रस नाही, अशी तक्रार करणाऱ्या वाहिन्यांनी तो खर्च आधी करून पाहावा.