टॅब-स्पेसचा वाद क्षुल्लक नाही

लिनक्स कर्नलला पहिलाच पॅच पाठवणाऱ्याला अनेकदा उत्तर येते ते टॅबबद्दल. मग तक्रार होते: कंपायलरला टॅब काय नि स्पेस काय, सारखेच, हा काथ्याकूट कशाला?

कंपायलरला सारखे, हे खरे. पण पॅच मंजूर करतो माणूस, आणि त्याचा डोळा मांडणीवरून अर्थ लावतो. फेब्रुवारी 2014 मध्ये ॲपलच्या एसएसएल कोडमधली चूक उघड झाली. एका ‘इफ’खाली ‘गोटू फेल’ ही ओळ दोनदा आली होती. महिरपी कंस नसल्याने दुसरी ओळ अटीबाहेर पडली, आणि सर्व्हरच्या स्वाक्षरीची पडताळणी होण्याआधीच कोड बाहेर पडू लागला. इंडेंटेशन मात्र दोन्ही ओळी अटीतच असल्याचे भासवत होते. फॉरमॅटर चालवला असता, तर ती ओळ डावीकडे सरकून नजरेत भरली असती. 2016 च्या जीसीसी 6 या कंपायलरमध्ये फसव्या इंडेंटेशनसाठी वेगळा इशारा आला, तो याच जातीच्या चुकांसाठी.

‘मग सगळा कर्नल एकदाच क्लँग-फॉरमॅटमधून काढा,’ असे दुसरे टोक सांगते. हेही चूक. सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या स्थिर आवृत्त्यांत न्याव्या लागतात. आजूबाजूच्या ओळी बदलल्या की पॅच बसत नाही. ओपनएसएसएलने जानेवारी 2015 मध्ये सरसकट फॉरमॅटिंग केले, पण जुन्या शाखांवरही केले. कर्नलच्या शाखा असंख्य वितरणांकडे पसरल्या आहेत. तिथे हे कोण करणार?

म्हणून फॉरमॅटचा बदल आणि वर्तनाचा बदल कधीही एका पॅचमध्ये नसावा. शेकडो सरकलेल्या ओळींत उलटलेली एक अट कुणाला दिसणार? कर्नलचा हा दंडक मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मात्र शैलीच्या नियमांआडून आळशी परीक्षण चालवून घेऊ नये. 80 स्तंभांच्या हट्टापायी ओळी तोडण्याला 2020 मध्ये खुद्द लिनस टॉरवाल्ड्स यांनी विरोध केला, आणि शैली तपासणाऱ्या ‘चेकपॅच’ या कर्नलच्या साधनातली मर्यादा 100 वर गेली. टॅब मोजायला ते साधन समर्थ आहे. लॉक कुठे घेतला, चुकीच्या वाटेवर मेमरी सुटली का, हे ते सांगू शकत नाही. तेव्हा पाठवणाऱ्यांनी चेकपॅच आधी चालवावा, आणि मेंटेनरांनी ओळीच्या लांबीवर बोलण्याआधी लॉकिंगवर बोलावे.