वजनकाटे थांबले तेव्हा ग्रामपंचायत कुठे होती?

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांना कुलूप लागले. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज मिळणारा गरम ताजा आहार थांबला आणि त्याऐवजी गहू, चणे, डाळ, तिखट, मीठ असा कोरडा शिधा घरपोच द्यायचे ठरले. तो पोचवला सेविका आणि मदतनिसांनीच. सप्टेंबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही कोरोना सर्वेक्षणाची मोहीम आली, तेव्हा दारोदार फिरणाऱ्यांमध्येही त्या होत्या. मुलांचे दरमहा वजन-उंची घेणे मात्र कित्येक गावांत महिनोन्महिने बंद राहिले. शिध्याचे पाकीट घरात गेले की सगळे घर ते खाते. हाताला काम नसलेल्या घरात दुसरे काय होणार? अंगणवाडीत वाढलेला घास त्या मुलाच्याच पोटात जातो. आपल्या गावात किती मुलांचे वजन घटले, हे त्या काळात कुणी तरी दर महिन्याला विचारायला हवे होते.

विचारायचे कुणी, याबद्दल कागदोपत्री संदिग्धता नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत महिला व बालविकास हा पंचायतींचा विषय आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. जिल्हा परिषदेत त्यासाठी स्वतंत्र विषय समिती आहे आणि गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती.

प्रत्यक्षात नेमक्या त्याच वर्षी ही सगळी रचना हतबल झाली. एप्रिल ते डिसेंबर २०२० या काळात १४,२३४ ग्रामपंचायतींची मुदत संपत होती. निवडणुका पुढे गेल्या, प्रशासक आले. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने ‘योग्य व्यक्ती’ नेमायची की सरकारी अधिकारी, यावरून वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. गावाच्या खुर्चीवर कोण बसणार याची एवढी चर्चा झाली. त्या खुर्चीने गावातल्या लहान मुलांसाठी काय करायचे, हे त्या गदारोळात कुठे ऐकू आले नाही. प्रशासक म्हणून अनेक गावे सांभाळणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याला अंगणवाडीचे रजिस्टर उघडायला सवड कुठून मिळणार? गर्दीच्या धास्तीने ग्रामसभाही स्थगित होत्या, म्हणजे एखाद्या आईने उठून प्रश्न विचारावा अशी जागाच उरली नव्हती.

अखेर हा प्रश्न दिल्लीत विचारला गेला. १३ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाड्या उघडण्याबाबत ३१ जानेवारीपर्यंत निर्णय घ्या, असे राज्यांना बजावले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १५ जानेवारीला, महाराष्ट्रात त्या रखडलेल्या ग्रामपंचायतींचे मतदान झाले.

पुढे कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आई-वडील गमावलेल्या मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली कृती दले नेमली गेली. दोन्ही पालक गेलेल्या मुलाच्या नावे राज्याने पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवण्याचा निर्णय घेतला. ही मदत मोलाची होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण एकच पालक गेलेल्या मुलांची भिस्त होती बालसंगोपन योजनेच्या तेव्हाच्या महिना १,१०० रुपयांवर आणि त्यासाठी जमवायच्या कागदपत्रांवर. कोणत्या घरातला कमावता माणूस गेला आणि कोणती मुलगी त्यानंतर शाळा सोडून कामाला लागली, हे तालुक्याच्या कचेरीला कळायच्या आधी गावाला कळते.

गावावर विश्वास टाकता येतो, हे सरकारने स्वतःच दाखवून दिले आहे. जून २०२१ मध्ये पोपटराव पवारांच्या हिवरेबाजार गावाने राज्याच्या आधीच शाळा सुरू केली. जुलैमध्ये राज्याने कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडण्याची मुभा दिली, तेव्हा अट होती ग्रामपंचायतीच्या ठरावाची आणि सरपंचांच्या अध्यक्षतेखालील समितीची. शाळेचा एवढा नाजूक निर्णय गाव घेऊ शकते, तर अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी का तपासू शकत नाही?

सरपंच पक्षपात करतात, गावकीत मुलांच्या तक्रारी दडपल्या जातात, बालविवाहाच्या मांडवात गावचे पुढारीच अक्षता टाकायला उभे असतात, हे आक्षेप खरे आहेत. म्हणूनच ग्रामसेवकाला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी केले आहे. पण एका माणसावर दुसऱ्याची नजर ठेवायची तर दोघेही जागेवर असावे लागतात.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मध्ये हेच तत्त्व आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, तर सहअध्यक्षपद लोकांनी निवडलेल्या स्थानिक प्रतिनिधीकडे, म्हणजे सामान्यतः जिल्हा परिषद अध्यक्षांकडे. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या २५ जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तिथे प्रशासक आले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तोपर्यंत तीन वर्षे उलटून गेली होती. तेवढ्या काळात नवी साथ आली असती, तर त्या जिल्ह्यांत मुलांबद्दल जाब विचारणारा निवडून आलेला सहअध्यक्षच नसता.

पुढच्या साथीसाठी मागणी साधी आहे. ग्रामसभा स्थगित झाली तरी बाल संरक्षण समितीची बैठक दरमहा झाली पाहिजे, प्रशासक असला तरीही. किती मुलांचे वजन झाले, किती घरांत शिधा पोचला आणि कोणते मूल पालकाविना उरले, एवढे आकडे तिथे मोठ्याने वाचले जावेत आणि जिल्हा प्राधिकरणापुढे यावेत. त्यासाठी नवा कायदा नको. ग्रामविकास आणि महिला व बालविकास या दोन खात्यांचा एक संयुक्त शासन निर्णय पुरेल, आणि तो साथ नसतानाच निघायला हवा.