पिशवीचं काय काम?

'मुलं झाली, आता पिशवीचं काय काम?' पाळी जायच्या वयातल्या बाईला हे किती सहज ऐकवतात! मलाही ऐकवलं, तेही न तपासता. आमचं अंग काय बाळंतपणापुरतंच होतं? बीडच्या ऊसतोडणी बायकांवर तर हे वय लादलंच गेलं. खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, मग पाळीच नको! २०१९ साली सरकारी समितीला पिशवी काढलेल्या १३ हजारांवर जणी आढळल्या. कित्येक चाळिशीच्या आतल्या. बीजकोशही काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात, हे त्यांना कुणी सांगितलं?

पाळी जाणं हा रोग नव्हे. पण अंगावरून जास्त जात असेल तर मी सोसत बसणार नाही. आधी सोनोग्राफी करा, रक्त तपासा, गोळ्या देऊन बघा. कापायचं की नाही, ते मी ठरवीन.