उपपदाची योग्यता

मुख्य आसनाशेजारच्या दुसऱ्या आसनाची योग्यता काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. पण भंडारदऱ्याच्या आसपासच्या डोंगरी गावांशी त्याचा निकटचा संबंध आहे. अमेरिकेचे पहिले उपाध्यक्ष जॉन अॅडम्स यांनीच आपल्या पदाच्या निरर्थकतेची तक्रार केली होती. तेथील उपाध्यक्ष सेनेटचा अध्यक्ष असतो. परंतु मते समसमान पडल्यावाचून त्यास मत देता येत नाही. आमच्या उपपंतप्रधानाची स्थिती याहून चमत्कारिक. राज्यघटनेत या पदाचे नावही नाही. आणि देवीलाल यांच्या शपथेवरून वाद झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हे नाव केवळ वर्णनपर आहे, त्याने जादा अधिकार येत नाहीत, असा निकाल दिला.

महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण १९७९ साली याच पदावर गेले. १९१३ साली देवराष्ट्रे येथे गरीब घरी जन्मलेला, लहानपणीच पितृछत्र हरपलेला हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि पुढे वकील झाला. १९६० साली ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९६२ मध्ये चीनच्या आक्रमणानंतर संरक्षणखाते त्यांजकडे आले. पुढे गृह, अर्थ व परराष्ट्र ही खातीही त्यांनी सांभाळली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी लोकमताऐवजी श्रेष्ठींकडे पाहिले, हा आक्षेप खोटा नव्हे. पण इतक्या मोठ्या कारकिर्दीत उपपंतप्रधानपदाचा वाटा किती? चरणसिंग यांचे मंत्रिमंडळ लोकसभेच्या विश्वासदर्शक मतास सामोरे न जाताच कोसळले, आणि १९८० च्या जानेवारीत सारेच संपले. सर्वांत उंच नाव, आणि हाती सर्वांत कमी काम!

उलट, त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९६१ साली जो जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला, त्याने कारभार जिल्ह्यापर्यंत व तालुक्यापर्यंत खाली आला. यशवंतरावांचे खरे स्मारक हे आहे, ते बिरुद नव्हे.

आता आमचा मुद्दा. अकोले तालुक्यातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील पंचायतींचे अध्यक्षपद आदिवासींसाठी राखीव आहे. उपसरपंचपदास तसे बंधन नाही. म्हणजे दिल्लीत दुसरे आसन पोकळ, तर गावात तेच पहिल्यास गिळू शकते! सरपंच महादेव कोळी वा ठाकर समाजाची एखादी भगिनी, आणि हिशेब, ठराव, शिक्का मात्र दुसऱ्याच्या हाती, असे कोठेही घडले तर कायद्याचे शब्द राहतील, पण त्याचा प्राण जाईल. जो असे करील तो आदिवासींचाच नव्हे, तर साऱ्या गावाचा अपराधी होय.

यावर उपाय कायद्याच्या पुस्तकात आहेच. तो ग्रामसभेत उतरला पाहिजे. ठराव मोठ्याने वाचून दाखवावेत, जमाखर्च फलकावर लावावा आणि सरपंचाने प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या तोंडाने द्यावीत. राजूर-अकोल्याच्या सुशिक्षितांनी व व्यापाऱ्यांनी हिशेब समजावून देण्यास पुढे व्हावे, हिशेब हाती घेण्यास नव्हे. १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण पाणी अडविते ते खालच्या शेतांस देण्यासाठी. सत्तेचाही धर्म तोच. ती वरच अडून राहिली, तर पद पहिले असो वा दुसरे, गावाच्या दृष्टीने ते कोरडेच!