मेलेल्यांचा हिशेब कोण देणार?

सप्टेंबर 1948 मध्ये निजामावर भारतीय फौज चालून गेली. सरकारने त्या युद्धाला 'पोलीस कारवाई' असे गोंडस नाव दिले. रझाकारांचा जुलूम संपला, हे आम्ही मानतोच. पण पाठोपाठ निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. सुंदरलाल समितीने बळींचा अंदाज किमान 27 ते 40 हजार दिला. मोठी झळ नांदेडला आणि लातूर तेव्हा ज्यात होते त्या उस्मानाबाद जिल्ह्याला बसली. अहवाल मात्र दशकानुदशके दडपला गेला.

ऑक्टोबर 2023 च्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण दगावले. त्यांत 16 बालके. खासदाराने आदिवासी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. जाब मंत्रालयाला विचारायचा होता!

बंदूक असो वा इस्पितळ, सत्तेने मृतांचा हिशेब दिलाच पाहिजे. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम 21 जगण्याचा हक्क देते, कलम 47 सार्वजनिक आरोग्य हे शासनाचे कर्तव्य ठरवते. हा हिशेब आम्ही मागणारच.