वादळ निवळल्यानंतर

वादळ शमलें, ऊन पडलें, कीं संकट टळलें, असा आपल्याकडील पावसाळ्याचा अनुभव आहे. कारण पडलेलें पाणी वाहून जातें. हिमालयांत हा अनुभव उपयोगी पडत नाहीं. तेथें पडलेलें हिम उतारावरच साठून राहतें, आणि वादळानंतरचा पहिला निरभ्र दिवसच पुष्कळदां घातक ठरतो. अलीकडे आपल्या घरांतील तरुण मंडळीहि स्कीइंगसाठीं गुलमर्गला जाऊं लागली आहेत, म्हणून हा विषय आज आम्ही घेतला आहे.

गुलमर्गच्या अफरवाट पर्वतावर १ फेब्रुवारी २०२३ रोजीं हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीपटु मरण पावले. पुढील वर्षीं, २२ फेब्रुवारीस, गुलमर्गच्याच उतारांवर एका रशियन स्कीपटूचा तसाच अंत झाला.

असें कां व्हावें? हिम थराथरानें सांचतें, आणि सर्व थर सारखे बळकट नसतात. खालीं रव्यासारखे सुटे कण व वर वाऱ्यानें घट्ट झालेली लादी, अशी रचना झाली म्हणजे एका माणसाच्या भारानेंहि लादी तुटून खालीं धांवते. प्राणघातक अपघातांपैकीं बहुतेकांत हिम सुटतें तें सांपडलेल्याच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भारानें. मोठ्या हिमराशीस संस्कृतांत ‘हिमानी’ म्हणतात. ती निजलेली दिसली, तरी तिची झोंप सावध असते.

जाणते लोक म्हणून आधीं आजूबाजूचे उतार पाहतात. नुकतेंच कोठें हिम कोसळलें आहे काय? पायांखालीं ‘धप्प’ असा पोकळ आवाज होतो काय? स्कीपासून भेगा पसरतात काय? वाऱ्यानें आडोशाच्या बाजूस हिम लोटलें आहे काय? ऊब एकाएकीं वाढली आहे काय? यांपैकीं एकहि खूण दिसली, तर ३० अंशांहून अधिक चढाचे उतार, व त्यांच्या पायथ्याची जागाहि, ते वर्ज्य मानतात.

हिमस्खलनाच्या धोक्याच्या पांच पायऱ्या मानतात. तिसरी पायरी मधली, म्हणून साधारण, असें वाचणारास वाटतें. परंतु स्वित्झर्लंडांतील मृत्यूंपैकीं सर्वांत अधिक तिसऱ्या पायरीवरच घडतात. कारण चौथीला माणूस भितो, तिसरीला धीट होतो. गाडला गेलेला मनुष्य सुमारें पहिल्या १० मिनिटांतच वांचण्याची खरी आशा असते. तेव्हां बाहेरची मदत पोहोंचत नाहीं. सोबत्यांपाशींच संदेशयंत्र, शोधकाठी व फावडें असावें लागतें.

वडील मंडळींस आमची एकच विनंति आहे. मुलांस जाऊं नका म्हणण्याची गरज नाहीं. पण रजा चार दिवसांची व खर्च मोठा, या विचारानेंच तरुण धोक्याच्या उतारावर पाऊल टाकतात. वाट नीट नव्हती म्हणून तो स्की न खेळतांच परतला, तर ‘पैसे फुकट गेले’ हे शब्द आपल्या घरांत कोणीं उच्चारूं नयेत.